प्रभुभोजनाची पहिली चारशे वर्षे

वसईच्या चर्चांत मिस्सा होते, अहिल्यानगर-जालन्याकडच्या मंडळ्यांत प्रभुभोजन होते, केरळातले सुरियानी परंपरेचे ख्रिस्ती त्यालाच कुर्बाना म्हणतात. विधी लांब-आखूड, भाषा वेगळी, पण मेजावरच्या वस्तू दोनच: भाकर आणि द्राक्षारस. ग्रीक बोलणाऱ्या आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी या विधीला युखरिस्त, म्हणजे उपकारस्तुती, असे नाव दिले होते.

या दोन वस्तूंवरून ख्रिस्ती जगात जेवढे वाद झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून झाले असतील. भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, की ती केवळ त्याची आठवण? कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पाचशे वर्षे यावर भांडत आले आहेत आणि दोन्ही पक्ष साक्षीला बोलावतात ते पहिल्या चार शतकांतल्या लेखकांना. त्या लेखकांची वाक्ये सुटी काढली की कोणत्याही बाजूला चिकटवता येतात. म्हणून इथे प्रत्येक ठिकाणी एकच साधा प्रश्न धरून चालू या: हे कोणाला उद्देशून लिहिले आणि तेव्हा काय बिघडले होते?

जेरुसलेममधली रात्र

इ. स. ३०च्या सुमाराची गोष्ट. वल्हांडणाच्या सणासाठी जेरुसलेम यात्रेकरूंनी भरले होते. पकडले जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. मार्क, मत्तय आणि लूक यांच्या मते ते वल्हांडणाचेच भोजन होते. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे मात्र ते एक दिवस आधीचे. सणाचे कोकरू कापण्याच्या दिवशीच येशू क्रुसावर मरण पावला. हा फरक अभ्यासकांना अजून सुटलेला नाही आणि सोडवलाच पाहिजे असेही नाही.

यहुदी घरात भाकर मोडण्याआधी देवाचे आभार मानतात, जेवणानंतर पुन्हा लांब उपकारस्तुती होते. येशूने ही ओळखीची रीत तशीच ठेवली, पण मोडलेल्या भाकरीला स्वतःचे शरीर म्हटले आणि प्याल्याला आपल्या रक्तातला करार. रक्त खाणे-पिणे यहुदी धर्मशास्त्रात कडक निषिद्ध. त्या घरातल्या कोणालाही हे शब्द सहज गिळता आले नसणार. योहानाच्या सहाव्या अध्यायात याच प्रकारचे बोलणे ऐकून बरेच शिष्य येशूला सोडून गेल्याचे नोंदवले आहे.

योहानाची आणखी एक गंमत आहे. शेवटच्या भोजनाचे वर्णन तो पानेच्या पाने करतो, पण भाकर आणि प्याल्याच्या त्या शब्दांचा तिथे उल्लेखच नाही. त्या जागी येतो शिष्यांचे पाय धुणारा येशू. पाय धुणे हे दासाचे काम.

करिंथची पंगत

या विधीबद्दलचा सगळ्यात जुना लेखी मजकूर शुभवर्तमानांत नाही. तो पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, साधारण इ. स. ५४चा. मार्कचे शुभवर्तमान त्यानंतर पंधराएक वर्षांनी आले. आणि पौलाला हा विषय काढावा लागला तो जेवणाच्या भांडणामुळे.

करिंथ म्हणजे दोन बंदरांमधले व्यापारी शहर. जुने ग्रीक शहर रोमनांनी उद्ध्वस्त केले होते. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४४मध्ये ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. मुक्त झालेले गुलाम, व्यापारी, कारागीर, हमाल यांची ती वस्ती. पौल तिथे दीड वर्ष राहिला आणि त्याने मंडळी उभी केली. स्वतंत्र चर्च बांधण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. ज्याचे घर मोठे, त्याच्या घरी सगळे जमत. अशा एका यजमानाचे नाव गायस होते, हे पौलाच्याच दुसऱ्या एका पत्रावरून कळते.

आता त्या घराची रचना डोळ्यांपुढे आणा. सुखवस्तू रोमन घरातल्या जेवणाच्या दालनात तीन बैठका, प्रत्येकीवर तिघे आडवे होऊन जेवणार. म्हणजे पाहुणे नऊ. बाकीचे मधल्या चौकात. अनेक अभ्यासकांचा तर्क असा की करिंथमध्ये दालनात यजमानाचे बरोबरीचे मित्र असत आणि चौकात उरलेले. त्यात रविवार सुट्टीचा नव्हता. दास आणि रोजंदार दिवसभराचे काम आटोपून येईपर्यंत आतल्यांचे जेवण उरकत आलेले असे. शिवाय पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे पदार्थ आणि द्राक्षारस वेगवेगळा वाढणे रोमन समाजात चालत असे. धाकटा प्लिनी हा रोमन सरदार एका पत्रात अशा यजमानाची टर उडवतो: त्याने स्वतःसाठी एक मद्य, कमी प्रतीच्या मित्रांसाठी दुसरे आणि मुक्त केलेल्या दासांसाठी तिसरे ठेवले होते. पंगतीत तूप कोणाच्या पानावर सैल हाताने पडते आणि कोणाच्या पानापर्यंत पोचतच नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना करिंथ समजावून सांगायला नको.

पौल भडकला. एक जण उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो, याला प्रभुभोजन म्हणायचे? ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असे त्याने स्पष्ट सुनावले. आणि मग, या रागाच्या भरात, शेवटच्या भोजनाची हकिगत सांगितली. ती आपल्याला परंपरेने मिळाली आहे, असेही तो म्हणतो. त्यापुढचा इशारा आणखी कडक आहे: शरीर न ओळखता जो खातो-पितो तो स्वतःवर न्यायदंड ओढवून घेतो.

कोणते शरीर? भाकरीतले, की चौकात उपाशी बसलेल्या मंडळीचे? यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्याच पत्रात एक अध्याय आधी पौल सांगून गेला आहे की भाकर एक आहे म्हणून ती खाणारे आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. त्यामुळे दोन अर्थांपैकी एक निवडा असे म्हणणे मला तरी पटत नाही. पौलाच्या डोक्यात ते दोन वेगळे नव्हतेच. चौकातल्या माणसाला ओळखले नाही, तर भाकरीतल्या प्रभूला ओळखल्याचा दावा फोल आहे, असे त्याचे म्हणणे दिसते. त्याने सुचवलेला उपाय मात्र अगदी घरगुती: एकमेकांची वाट पाहा, आणि भूक आवरत नसेल तर घरून खाऊन या.

पुढे पोटभर जेवण आणि विधी वेगळे झाले. जेवण प्रीतिभोजन म्हणून काही काळ चालू राहिले आणि मागे पडले. या फारकतीचे बी बहुधा पौलाच्या याच सल्ल्यात आहे.

कॉन्स्टँटिनोपलला सापडलेली पुस्तिका

१८७३मध्ये फिलोथिऑस ब्रायेनिऑस नावाच्या ग्रीक धर्मपंडिताला कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात १०५६ साली नक्कल केलेले हस्तलिखित सापडले. त्यात एक छोटी पुस्तिका होती, दिदाखे, म्हणजे शिकवण. जुन्या लेखकांनी तिचा उल्लेख केला होता, पण ती हरवली असेच सगळे धरून चालले होते. १८८३मध्ये ती छापली गेली आणि अभ्यासकांची झोप उडाली. बहुतेकांच्या मते ती पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची आहे.

झोप उडण्याचे कारण तिच्यातल्या भोजनाच्या प्रार्थना. इथे प्याला आधी येतो, भाकर नंतर. शेवटच्या भोजनाचा उल्लेख नाही, येशूच्या मृत्यूचा नाही, शरीर आणि रक्त हे शब्दही नाहीत. आहे ती उपकारस्तुती, आणि एक सुंदर मागणी: डोंगरांवर विखुरलेले धान्य जसे गोळा होऊन एक भाकर झाले, तशी देवाने पृथ्वीच्या टोकांपासून आपली मंडळी गोळा करावी. नियम मोजके आहेत. बाप्तिस्मा न झालेल्याने यातले खाऊ नये. ज्याचे शेजाऱ्याशी भांडण आहे त्याने ते मिटवल्याशिवाय येऊ नये. आणि संदेष्टा आलाच तर त्याला हवी तितकी लांब उपकारस्तुती करू द्यावी. अर्थात प्रार्थनेचे शब्द अजून गोठलेले नव्हते.

गावोगाव फिरणाऱ्या या संदेष्ट्यांची ब्यादही दिदाखेच्या लेखकाला चांगली ठाऊक होती. आत्म्याच्या प्रेरणेने मेज मांडायला सांगून जो स्वतःच त्यावर ताव मारतो तो खोटा संदेष्टा, अशी कसोटी तो देतो. तीन दिवस मुक्काम ठोकणाराही खोटा!

बेड्यांतल्या बिशपची सात पत्रे

दुसऱ्या शतकाच्या आरंभी, सम्राट ट्रेजनच्या काळात, अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेले जात होते. तिथे त्याला श्वापदांपुढे टाकायचे होते. वाटेत थांबेल तिथून त्याने पत्रे पाठवली. त्यातली सात आज उपलब्ध आहेत.

इफिसकरांना लिहिताना तो भाकरीला अमरत्वाचे औषध म्हणतो. स्मिर्नाकरांना लिहिताना तो त्याहून थेट बोलतो. काही लोक युखरिस्तापासून दूर राहतात, कारण ते आपल्या तारणाऱ्या येशूचे देह-मांस आहे हे त्यांना मान्य नाही, अशी त्याची तक्रार आहे. कॅथलिक लेखक हे वाक्य नेहमी पुढे करतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण ही तक्रार कोणाविरुद्ध आहे? येशूला खरे शरीर नव्हतेच, तो केवळ देहाचा भास होता, असे मानणाऱ्यांविरुद्ध. इग्नेशियसला सिद्ध करायचे होते की येशू खरोखर जन्मला, त्याने खरोखर सोसले, तो खरोखर मेला. श्वापदांच्या तोंडी जायला निघालेल्या माणसाला आपला प्रभू केवळ आभास होता हे ऐकून घेणे शक्यच नव्हते.

आणि युखरिस्ताचा मुद्दा काढण्याच्या लगेच आधी, त्याच पत्रात, तो त्या लोकांवर दुसरा आरोप ठेवतो: त्यांना विधवेची, अनाथाची, कैद्याची, भुकेल्याची फिकीर नाही. हे वाक्य उद्धृत करायला मात्र लोक विसरतात. इग्नेशियसच्या लेखी दोन्ही आरोपांचे मूळ एकच आहे. प्रभूचा देह खोटा ठरला की शेजाऱ्याच्या देहाची भूकही खोटी वाटायला लागते.

बाहेर पसरलेल्या अफवा

दारे लावून जमणारे लोक, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणणारे, कोणाचे तरी शरीर खाण्याविषयी आणि रक्त पिण्याविषयी बोलणारे. रोमन शेजाऱ्यांनी काय समजायचे? ख्रिस्ती लोक माणसे खातात, ही अफवा दुसऱ्या शतकभर फिरत होती. मिनुसियस फेलिक्स या लेखकाने तिचे तपशील नोंदवले आहेत: पिठात झाकलेले मूल नवशिक्यापुढे ठेवतात आणि तो नकळत त्यावर घाव घालतो. इ. स. १७७मध्ये गॉलमधल्या ल्योन शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला तेव्हाही हाच आरोप होता.

मद्यात भेद करणाऱ्या यजमानाची टर उडवणारा तो प्लिनी पुढे आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया प्रांताचा अधिकारी झाला. इ. स. ११२च्या सुमाराला त्याने सम्राटाला अहवाल पाठवला. पंथ सोडलेल्या लोकांनी त्याला सांगितले होते की ते ठरावीक दिवशी पहाट होण्याआधी जमत, देवाला म्हणावे तसे ख्रिस्ताला उद्देशून स्तोत्र म्हणत, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेत आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे, निरुपद्रवी अन्न खात. खातरजमा करण्यासाठी त्याने मंडळीत सेविका म्हणून काम करणाऱ्या दोन दासींना यातना दिल्या. हाती काय लागले, तर एक विकृत अंधश्रद्धा, असे त्याचे मत पडले. माणसाचे मांस काही सापडले नाही.

जस्टिनचा रविवार

या अफवांना सर्वांत सविस्तर उत्तर दिले जस्टिनने. तो आजच्या नाब्लुसचा. तत्त्वज्ञानाच्या एकेका शाळेत शिकून शेवटी ख्रिस्ती झालेला, आणि तरी तत्त्वज्ञाचा झगा न टाकलेला. रोममध्ये तो शिकवत असे. इ. स. १५५च्या सुमाराला त्याने सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून एक लांब निवेदन लिहिले. त्याच्या ६५ ते ६७ या प्रकरणांत त्याने दार उघडून आत काय चालते ते दाखवले आहे.

रविवारी शहरातले आणि खेड्यांतले लोक एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. वाचणारा थांबला की पुढारी उपदेश करतो. मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात, एकमेकांना चुंबन देऊन शांती व्यक्त करतात. भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस पुढे आणला जातो. पुढारी आपल्या कुवतीप्रमाणे उपकारस्तुती करतो आणि लोक आमेन म्हणतात. मग डीकन सगळ्यांना वाटप करतात आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवतात.

आजच्या मिस्सेला नियमित जाणाऱ्या माणसाला हा क्रम वाचून आश्चर्य वाटेल. वाचन, प्रवचन, प्रार्थना, शांतीची देवघेव, अर्पण, उपकारस्तुती, वाटप. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा सांगाडा तसाच आहे. फरक मुख्यतः दोन. पुढाऱ्याच्या हातात पुस्तक नाही; तो मनाने बोलतो. आणि चर्चची इमारत नाही. पुढे खटल्यात न्यायाधिकाऱ्याने कुठे जमता असे विचारले तेव्हा जस्टिनने आपण एका स्नानगृहाच्या वर राहतो असे सांगितल्याची नोंद आहे.

अर्थाबाबतही तो आडपडदा ठेवत नाही. हे आम्ही साधी भाकर आणि साधे पेय म्हणून घेत नाही; जसा येशू देह धारण करून आला, तसे उपकारस्तुती केलेले हे अन्न त्याचेच मांस आणि रक्त आहे असे आम्हांला शिकवले आहे, असा त्याचा आशय. नरमांसाची अफवा अंगावर असताना हे सम्राटाला लिहून कळवायचे म्हणजे धाडसच. बोधचिन्ह आहे, मनावर घेऊ नका, असे म्हणून त्याला सहज सुटता आले असते.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा परिच्छेद. ज्यांची ऐपत आहे ते स्वेच्छेने काही देतात, ते पुढाऱ्याजवळ जमा होते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे लोक यांची सोय केली जाते. जस्टिनने हे दानधर्माच्या वेगळ्या प्रकरणात टाकलेले नाही. ते विधीच्या वर्णनाच्या ओघातच येते. गैरहजर माणसाला भाकर पोचवणे आणि कैद्याला मदत पोचवणे ही त्याच्या लेखणीतून एका दमात येणारी कामे आहेत.

इ. स. १६५च्या सुमाराला जस्टिनचा शिरच्छेद झाला.

माती, द्राक्षे आणि तोंडाचा वास

ल्योनचा बिशप इरेनिअस याचे प्रतिस्पर्धी आणखी वेगळे. हे दृश्य जग एका खालच्या दर्जाच्या देवाने घडवले, शरीर म्हणजे तुरुंग, तारण फक्त आत्म्याचे, असे सांगणारे ज्ञानवादी पंथ तेव्हा फोफावले होते. इ. स. १८०च्या सुमाराला त्यांच्याविरुद्ध लिहिताना इरेनिअसने भाकरीवरच बोट ठेवले. सृष्टी जर वाईट, तर शेतातले धान्य आणि वेलीची द्राक्षे देवापुढे कशाला ठेवायची? या भाकरीवर पोसलेल्या शरीराला पुनरुत्थान नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? उपकारस्तुतीनंतर भाकरीत पृथ्वीवरचे आणि स्वर्गातले असे दोन्ही असते, असे तो मांडतो. धान्य हे धान्यच राहते, आणि तरी पूर्वीसारखे उरत नाही. याहून बारीक व्याख्या करण्याची गरज त्याला वाटली नाही.

उत्तर आफ्रिकेत कार्थेजचा बिशप सिप्रिअन याला तर अजबच प्रकार निस्तरावा लागला. काही मंडळ्या द्राक्षारसाऐवजी नुसते पाणी वापरत होत्या. कारणांपैकी एक कारण अगदी माणसाचे आहे: सकाळीच तोंडाला मद्याचा वास आला तर शेजारी ओळखतील की हा ख्रिस्ती. सिप्रिअनने इ. स. २५३च्या सुमाराला एका लांब पत्रात त्यांना समजावले. ख्रिस्ताचे रक्त पिण्याची ज्यांना लाज वाटते ते त्याच्यासाठी स्वतःचे काय सांडणार, असा त्याचा रोख होता. प्याल्यात पाणी का घालायचे, याचेही उत्तर त्याने दिले आहे. द्राक्षारस म्हणजे ख्रिस्त आणि पाणी म्हणजे लोक. एकदा मिसळले की वेगळे करता येत नाहीत. नुसते पाणी म्हणजे ख्रिस्ताविना लोक, नुसता द्राक्षारस म्हणजे लोकांविना ख्रिस्त. २५८ साली सिप्रिअनलाही शिरच्छेदाची शिक्षा झाली.

भिंत पाडलेले घर आणि अकेप्तूसचे मेज

हे सगळे ग्रंथांतले झाले. जमिनीखाली काय सापडले? सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचे छावणीचे गाव होते. तिसऱ्या शतकाच्या मध्याला ससानी सैन्याने ते जिंकले आणि नंतर ते ओसाड पडले. वेढ्याच्या वेळी तटाला आतून भराव घालताना काही घरे मातीखाली गेली आणि त्यामुळेच टिकली. १९३०च्या दशकातल्या उत्खननात त्यांत एक घर निघाले. त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक दालन केले होते आणि दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते. एरवी ते चार घरांसारखे घर.

इस्रायलमध्ये मगिद्दो इथल्या तुरुंगाच्या आवारात २००५मध्ये तिसऱ्या शतकातली मोझेकची फरशी उघडी पडली. तिच्यावरच्या ग्रीक लेखात अकेप्तूस नावाच्या बाईने देव येशू ख्रिस्ताच्या स्मरणार्थ मेज दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात फरशीचा खर्च करणारा एक रोमन सेनाधिकारी आहे. बिशपांच्या ग्रंथांतून न दिसणारी माणसे अशी फरशीवर दिसतात.

इ. स. ३०४मध्ये, सम्राट डायोक्लेशियनने चालवलेल्या छळाच्या काळात, उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना गावच्या ४९ जणांना रविवारी जमल्याबद्दल पकडून कार्थेजला नेले. ज्याच्या घरी सभा झाली त्या एमेरितुसने अधिकाऱ्याला सांगितले की प्रभूच्या भोजनाशिवाय आम्हांला जगता येत नाही. इथे कोणताही सिद्धांत नाही.

मोठी चर्चे, मोठे प्रश्न

३१३नंतर छळ थांबला. ३२१मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला. घरातले मेज भव्य चर्चमध्ये गेले, गर्दी वाढली, प्रार्थनेचे शब्द लिहून ठरवले जाऊ लागले. नव्याने येणाऱ्यांना बाप्तिस्मा होईपर्यंत या विधीचा अर्थ सांगत नसत. इस्टरच्या आठवड्यात त्यांच्यासाठी खास प्रवचने होत. जेरुसलेममधल्या अशा प्रवचनांत भाकर कशी घ्यावी तेही शिकवले आहे: डावा तळहात उजव्याखाली धरावा, जणू राजासाठी आसन, आणि कणभरही सांडू देऊ नये. मिलानच्या अँब्रोजने ख्रिस्ताच्या शब्दांनी भाकर बदलते यावर भर दिला.

ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावी नवख्यांना वेगळेच सांगितले. तुम्ही धान्यासारखे गोळा झालात, उपास-प्रार्थनांनी दळले गेलात, बाप्तिस्म्याच्या पाण्याने मळले गेलात, आत्म्याच्या अग्नीने भाजले गेलात. मेजावर जे ठेवले आहे ते तुम्हीच आहात. आमेन म्हणता ते स्वतःला म्हणता. पौलाचा करिंथमधला मुद्दा साडेतीनशे वर्षांनी पुन्हा वर आला.

खरे की खूण?

हा प्रश्न खऱ्या अर्थाने नवव्या शतकात, फ्रान्समधल्या कॉर्बी मठातल्या रादबर्टुस आणि रात्राम्नुस या दोन संन्याशांच्या लेखनातून ऐरणीवर आला. १२१५च्या लॅटरन परिषदेने भाकरीचे मूलतत्त्व पालटते अशी भाषा स्वीकारली. १५२९मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली या दोन सुधारकांचे सगळ्या मुद्द्यांवर जुळत आले होते, फक्त या एका मुद्द्यावर फाटले. १५५१मध्ये ट्रेंट परिषदेने कॅथलिक भूमिका पक्की केली.

या भांडणात प्रॉटेस्टंट पक्ष टर्टुलियनला पुढे करतो, कारण कार्थेजच्या या लेखकाने भाकरीला शरीराची आकृती म्हटले आहे. पण तो हे कोणाला सांगत होता? येशूला खरे शरीर नव्हते म्हणणाऱ्या मार्सियनला. त्याचा युक्तिवाद असा की ज्याला शरीरच नाही त्याची आकृती असूच शकत नाही. भाकर आकृती आहे, म्हणून शरीर खरे होते. म्हणजे खुणेची भाषा त्याने वापरली ती खरेपणा सिद्ध करायला. त्याला झ्विंग्लीचा पूर्वज ठरवणे जितके चूक, तितकेच इग्नेशियसच्या तोंडी १२१५ची परिभाषा घालणे चूक. या लोकांना खूण आणि वस्तू यांच्यात पोकळी दिसत नव्हती. त्यांना पोकळी दिसत होती ती खाणारा आणि उपाशी यांच्यात, आणि तिच्याबद्दल ते सतत बोलत राहिले.

भारतात जिवंत असलेली एक प्रार्थना

आरंभीच्या काळाचा एक धागा आपल्याकडे अजून आहे. पूर्व सुरियानी परंपरेतली अद्दाई आणि मारी यांच्या नावाची उपकारस्तुती ही आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या प्रार्थनांपैकी एक मानली जाते. तिच्या जुन्या रूपात, दिदाखेप्रमाणेच, शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द नाहीत. ते शब्दच नसतील तर युखरिस्त झाले कसे म्हणायचे? या प्रश्नावर २००१मध्ये व्हॅटिकनने निर्णय दिला की ही प्रार्थना जशी आहे तशी वैध आहे. केरळातल्या सिरो-मलबार चर्चमध्ये हीच प्रार्थना ते शब्द जोडून म्हटली जाते, आणि महाराष्ट्रात कल्याणला १९८८पासून या चर्चचा स्वतःचा धर्मप्रांतही आहे.

मूळ मजकूर स्वतः वाचायचा असेल तर सुरुवात कुठल्याही मराठी बायबलातून करता येईल. पवित्र गुरुवारच्या कॅथलिक मिस्सेत करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचतात तो ओवी २३पासून, जिथे शेवटच्या भोजनाची हकिगत सुरू होते. तुम्ही १७पासून वाचा.